कुरणाचे शास्त्र आणि कुरणाची मालकी

गोमांसाचा विषय निघाला की आपल्याकडची चर्चा पाहता पाहता धर्माच्या आखाड्यात उतरते आणि अर्थशास्त्र बाहेर चपलांपाशी ताटकळत उभे राहते. ज्या देशात गाय देवताही नाही आणि राजकारणाचे निशाणही नाही, निव्वळ भांडवल आहे, तेथे तिच्याविषयी काय विचार झाला हे पाहणे म्हणूनच उद्बोधक ठरते. अमेरिकेच्या पश्चिमेकडील कोरड्या राज्यांत मांसासाठी पाळल्या जाणाऱ्या गुरांचे पोषण, त्यांच्या खाण्याच्या सवयी आणि रानातील चराई या विषयांवर शंभराहून अधिक वर्षे संशोधन चालू आहे. हे संशोधन प्रामाणिक आहे, चिकाटीचे आहे आणि त्याचा बराचसा भाग सरकारी पैशातून झालेला आहे. गुराने किती खावे आणि गवताने किती सोसावे या प्रश्नाचे उत्तर त्याने पुष्कळ अंशी मिळवले. ते उत्तर अमलात कोणाच्या हाताने येते आणि त्याची किंमत कोण मोजतो, हा प्रश्न मात्र त्याने बहुधा उंबऱ्याबाहेरच ठेवला.

प्रथम शास्त्र काय सांगते ते पाहू. गाय स्वतः गवत पचवीत नाही. तिच्या पोटाच्या पहिल्या मोठ्या कप्प्यात, म्हणजे कोठीपोटात, अब्जावधी सूक्ष्म जीव राहतात. ते गवतातील तंतू आंबवून फोडतात आणि त्यातून निर्माण होणाऱ्या आम्लांवर गाय जगते. एवढेच नव्हे, तर पुढे हे जीवच तिच्या आतड्यात पचतात आणि तिला प्रथिने पुरवतात. माणसाच्या दृष्टीने निरुपयोगी अशा डोंगरउतारावरील काडीचे अन्न करणारी ही यंत्रणा होय. परंतु या सूक्ष्म जीवांनाही खायला लागते. पावसाळा सरून गवत वाळले आणि त्यातील प्रथिनांचे प्रमाण सुमारे सात टक्क्यांच्या खाली गेले की त्यांची उपासमार होते, तंतू फुटेनासे होतात आणि समोर गवताची गंजी असूनही गाय कमी खाते व खंगते. अशा वेळी थोडी सरकीची पेंड दिली तर ती नुसती पेंडीवर जगत नाही. पेंडीमुळे तिच्या पोटातले कामकरी पुन्हा कामाला लागतात आणि तेच वाळलेले गवत तिला अंगी लागते. आपल्याकडच्या शेतकऱ्याला यात फारसे नवल वाटणार नाही. पेंडीचे ढेप कधी फोडावे हे त्याला ठाऊक असते. ते का फोडावे हे प्रयोगशाळेने सांगितले, इतकेच.

दुसरा शोध अधिक मनोवेधक आहे. गुरे समोर येईल ते ओरबाडत जातात, ही समजूत खोटी ठरली. युटा राज्य विद्यापीठातील फ्रेड प्रोव्हेन्झा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अनेक वर्षांच्या प्रयोगांतून दाखवले की चरणारे जनावर निवड करते आणि ती निवड ते शिकलेले असते. आईच्या पाठीमागे हिंडताना पिल्लू काय खावे, काय टाळावे, कोणत्या ऋतूत कोठे जावे हे आत्मसात करते. खाल्ल्यानंतर शरीराला बरे वाटले की त्या चवीची ओढ वाढते आणि त्रास झाला की तिचा तिटकारा बसतो. युटामधील एका प्रयोगात हिवाळ्यात काळपट, काटक झुडपांच्या रानात शेळ्यांचे कळप सोडले होते. छाटणीनंतर फुटलेले कोवळे कोंब अधिक पौष्टिक, तेव्हा शेळ्या तेच खातील, अशी संशोधकांची अपेक्षा होती. शेळ्यांनी कोंब नाकारले आणि जुन्या काड्या पसंत केल्या. कोंबांत तुरट विषारी द्रव्य होते, हे माणसांना मागाहून कळले. त्यातील एका कळपाने तर रानउंदरांची काटक्यांची घरे खायला प्रारंभ केला. ही घरे मूत्राने भिजलेली असतात. त्यातील नत्र शेळ्यांच्या कोठीपोटातील जीवांना मिळाले आणि तो कळप इतरांपेक्षा चांगला तगला. असे ज्ञान कळपाच्या मालकीचे असते. कळप मोडला, मातब्बर माद्या विकल्या गेल्या, की ते नाहीसे होते आणि बाजारातून आणलेल्या परक्या जनावरांना तेच रान नव्याने, पुष्कळदा विषबाधा सोसून, शिकावे लागते. बाजारात जनावराचे वजन होते, या ज्ञानाचे होत नाही.

तिसरा निष्कर्ष सर्वांत महत्त्वाचा आणि दिसायला अगदी साधा आहे. कॉलोरॅडोच्या मैदानी प्रदेशातील सरकारी प्रायोगिक कुरणावर १९३९ पासून एकच प्रश्न विचारला जात आहे: एवढ्या जमिनीवर किती गुरे? हलका, मध्यम आणि जड असा चराईचा भार ठेवून वर्षानुवर्षे वजने घेतली गेली. गुरांची संख्या वाढवीत गेले तर दर गुरामागची वाढ घटत जाते. दर एकरामागचे मांस मात्र काही मर्यादेपर्यंत वाढते आणि मग तेही कोसळते. घटत्या उत्पादनाचा नियम अर्थशास्त्राच्या पुस्तकात जितका नेटका दिसतो तितकाच तो या कुरणावर दिसला. तेथील बुटक्या गवताच्या रानासाठी १९६९ साली एक व्यावहारिक सूत्रही मांडले गेले: हंगामाच्या अखेरीस एकरी सुमारे ३०० पौंड गवत न चरता मागे राहिले पाहिजे. तेवढे राहिले तर पुढच्या वर्षीचे रान शाबूत राहते.

या साध्या निष्कर्षाला बगल देण्याची धडपड मात्र सतत होत राहिली. गुरे कमी करण्यापेक्षा ती फिरवा, म्हणजे रान सुधारेल, असा एक पंथ निघाला. मूळचे ऱ्होडेशियाचे, म्हणजे आजच्या झिंबाब्वेचे, ॲलन सेव्हरी हे त्याचे नामवंत प्रचारक होत. मोठा कळप दाट करून लहान लहान तुकड्यांतून झपाट्याने फिरवला तर वाळवंटही मागे हटते आणि गुरांची संख्याही वाढवता येते, असे त्यांचे म्हणणे. कोणताही त्याग न करता सर्वांचे कल्याण साधणारी योजना लोकप्रिय होणारच. २००८ साली डेव्हिड ब्रिस्क आणि इतर संशोधकांनी उपलब्ध प्रयोग तपासून दाखवले की नुसत्या फिरवण्याने गवताचे वा मांसाचे उत्पादन वाढल्याचा पुरावा मिळत नाही. निर्णायक ठरतो तो चराईचा भार आणि पाऊस. यावर आक्षेप असा आला की प्रयोगांत गुरे यंत्रवत् फिरवली जातात, खरा पशुपालक रान पाहून निर्णय घेतो. आक्षेप रास्त होता. म्हणून कॉलोरॅडोच्या त्याच कुरणावर अकरा जणांचे मंडळ नेमले गेले. त्यात पशुपालक होते, निसर्गसंरक्षक होते, सरकारी अधिकारी होते. दहा मोठ्या तुकड्यांतून एकच मोठा कळप केव्हा हलवायचा ते या मंडळाने ठरवावयाचे, आणि शेजारच्या तशाच दहा तुकड्यांवर तेवढीच गुरे विखरून मोकळी सोडावयाची. गवतात म्हणण्यासारखा फरक पडला नाही. मंडळाच्या कळपातील गुरांची वजनवाढ मात्र पहिल्या काही वर्षांत बारा ते सोळा टक्क्यांनी कमी भरली. दाट कळपात जनावराला निवडीला वाव राहत नाही. शेजाऱ्याच्या आधी तोंड घालावे लागते आणि मिळेल ते गिळावे लागते. प्रोव्हेन्झांच्या शेळ्यांची गोष्ट येथे आठवावी.

तेव्हा संख्या हाच कळीचा मुद्दा, हे शास्त्राने सिद्ध केले. पण संख्या ठरवतो कोण? पशुपालकाने कर्ज काढलेले असते आणि व्याज दुष्काळाकडे पाहून थांबत नाही. पाऊस हुकला म्हणजे गुरे कमी करावीत हे त्यालाही कळते. परंतु त्याच वर्षी सगळा मुलूख गुरे विकायला काढतो, भाव पडतात आणि शहाणपणाची शिक्षा म्हणून त्याला आपले बीज-भांडवल मातीमोल दराने घालवावे लागते. म्हणून तो थांबतो, एक पाऊस आणखी वाट पाहतो, आणि एकरी ३०० पौंड मागे ठेवण्याचे सूत्र बँकेच्या वहीत कोठेच नसल्यामुळे तेवढे गवतही चरून जाते. याला अज्ञान म्हणणे हा अन्याय आहे.

पश्चिम अमेरिकेच्या इतिहासात दुसरा मार्ग सुचवला गेला नव्हता असे नाही. यादवी युद्धात उजवा हात गमावलेला जॉन वेस्ली पॉवेल हा भूगर्भशास्त्रज्ञ कोरड्या प्रदेशाची पाहणी करून आला आणि १८७८ साली त्याने आपला अहवाल दिला. सरकार त्या वेळी वसाहत करणाऱ्या प्रत्येक कुटुंबाला १६० एकर देत होते. या मुलखात चराईवर जगायचे तर किमान २,५६० एकर लागतील, असे पॉवेलने बजावले. आणि पुढे असे सुचवले की घरे पाण्याच्या काठी जवळ जवळ असावीत, कुरणांना कुंपण घालू नये, आणि नऊ किंवा अधिक कुटुंबांनी मिळून आपले कुरण-मंडळ स्थापून नियम आपणच करावेत. कोणत्याही समाजवाद्याने लिहावा असा हा मसुदा एका सरकारी भूगर्भशास्त्रज्ञाने लिहिला होता. अमेरिकन संसदेने तो बासनात गुंडाळला. त्याऐवजी लंडन आणि एडिंबरोच्या भागधारकांचे भांडवल मोकळ्या रानावर तुटून पडले, कळप फुगले, आणि १८८६-८७ च्या भयंकर हिवाळ्यात त्या अर्धपोटी गुरांचे सडे पडले.

त्यानंतर जवळजवळ अर्धे शतक गेले. १९२८ साली मोंटानातील मिझपा आणि पंपकिन या ओढ्यांकाठच्या पशुपालकांनी सरकारी, रेल्वेच्या आणि खाजगी जमिनी एकत्र करून सामुदायिक चराई सुरू केली आणि तेथील रान सावरले. या उदाहरणाचा आधार घेऊन १९३४ साली टेलर चराई कायदा झाला. मात्र कायदा करताना त्यातला सहकार मागे राहिला आणि परवाना पुढे आला. परवाना प्रथम कोणाला? ज्याच्याजवळ लगतची खाजगी जमीन किंवा पाण्याचा हक्क आहे त्याला. जमीन नसलेले, मेंढ्या घेऊन भटकणारे मेंढपाळ, त्यांत कित्येक बास्क वंशाचे, एका फटक्यासरशी बेकायदा ठरले. अतिचराईचा दोष त्यांच्या माथी मारला गेला, आणि त्यांना हाकलून उरलेल्या रानाचे परवाने स्थिरावलेल्या कळपवाल्यांनी वाटून घेतले.

याहून दारुण प्रकरण नावाहो आदिवासींचे. त्याच सुमारास सरकारी तज्ज्ञांनी त्यांच्या राखीव प्रदेशाची धारणक्षमता मोजली. एक मेंढी हे एकक, गाय म्हणजे चार मेंढ्या, घोडा म्हणजे पाच, असा हिशेब मांडला गेला आणि कळप निम्म्यावर आणावेत असे ठरले. घाईचे एक कारण कोलोरॅडो नदीवर बांधले जात असलेले प्रचंड हूव्हर धरण हे होते. नावाहोंच्या रानातील गाळाने ते भरेल अशी भीती होती. जॉन कोलिअर हे आदिवासी खात्याचे आयुक्त स्वभावाने सहृदय आणि आदिवासींचे हितचिंतक म्हणून ओळखले जात. म्हणूनच ही गोष्ट अधिक ध्यानात ठेवण्याजोगी आहे. १९३३ पासून कपात सुरू झाली. प्रारंभी ती सर्वांना सारख्या टक्केवारीने लावली. मोठ्या कळपवाल्याने आपली भाकड जनावरे देऊन वाटा पुरा केला; ज्याच्याजवळ जेमतेम पोटापुरत्या मेंढ्या-शेळ्या होत्या त्याच्या चुलीचाच वाटा गेला. रेल्वे दूर, म्हणून हजारो शेळ्या-मेंढ्या जागच्या जागी गोळ्या घालून मारल्या गेल्या आणि कुजत पडल्या. नावाहो समाजात कळपांची मालकी बव्हंशी स्त्रियांची. सरकारने वाटाघाटी केल्या त्या पुरुषांच्या परिषदेशी. जमिनीची धूप खरी होती, हे नाकारता येत नाही. तिच्यात हवामानाचाही मोठा वाटा होता, असे पुढील अभ्यासांनी दाखवले, परंतु तोवर कळप संपले होते. त्यात चुरो नावाची नावाहोंची काटक, लांब लोकरीची मेंढी जवळजवळ नामशेष झाली. १९७७ साली लायल मॅक्नील या प्राध्यापकाने दऱ्याखोऱ्यांतून उरल्यासुरल्या चुरो मेंढ्या शोधून ती जात वाचवण्याचे काम हाती घेतले. आता न्यू मेक्सिकोतील जोर्नाडा या १९१२ पासूनच्या सरकारी प्रायोगिक कुरणावर मेक्सिकोच्या ताराहुमारा आदिवासींच्या दऱ्यांतून आणलेल्या बुटक्या क्रिओलो गाईंचा अभ्यास चालू आहे. त्या पाण्यापासून दूरवर जातात, रानभर पसरून चरतात आणि एकाच ओढ्याचा काठ तुडवून काढीत नाहीत, असे आढळले आहे.

परवान्यांची गोष्ट आजही चालू आहे. अमेरिकन भूमी-व्यवस्थापन खात्याच्या सुमारे साडेपंधरा कोटी एकर सार्वजनिक रानात जवळजवळ अठरा हजार परवान्यांवर चराई होते. एक गाय आणि तिचे वासरू यांच्या महिनाभराच्या चराईची फी कितीही उतरली तरी १.३५ डॉलरच्या खाली जाऊ नये, असा हुकूम राष्ट्राध्यक्ष रेगन यांनी १९८६ साली काढला. त्यानंतरच्या चाळीस वर्षांपैकी कित्येक वर्षे फी नेमकी त्या तळालाच टेकलेली राहिली. खाजगी कुरणाचा दर वीस डॉलरच्या वर गेला आहे. याला उघड उघड अनुदान म्हणावे लागेल. परवानेवाल्यांचे उत्तर असे की सार्वजनिक रानात कुंपण, पाणी, राखण सारे त्यांनाच पाहावे लागते, तेव्हा दोन दरांची सरळ तुलना करू नये. उत्तरात तथ्य आहे, पण एवढी तफावत त्याने भरून निघत नाही.

तथापि परवानेवाल्या पशुपालकाला खलनायक ठरवून थांबणे सोयीचे असले तरी चुकीचे होईल, कारण त्याच्याही मानेवर कोणीतरी बसले आहे. रानात जन्मलेले वासरू सहा-आठ महिन्यांचे झाले की त्याची रवानगी शेवटी फीडलॉटमध्ये होते. गावाएवढ्या आवारात हजारो जनावरे उभी असतात आणि त्यांच्यापुढे मका ओतला जातो. जे पोट माणसाला न पचणाऱ्या काडीचे अन्न करण्यासाठी निर्माण झाले, त्याच पोटात माणसाला पचणारे धान्य कोंबायचे, ते आंबून आम्ल वाढले की औषध द्यायचे, असा हा उलटा कारभार. पोषणाच्या संशोधनाचा मोठा ओघ नेमका याच दिशेने का वळला? १८६२ च्या कायद्याने अमेरिकेत राज्याराज्यांत शेतकी महाविद्यालये निघाली. त्यांना दिलेली एक कोटीहून अधिक एकर जमीन आदिवासींकडून घेतलेली होती. ती लोकांची विद्यापीठे व्हावीत असा हेतू होता. १९५४ साली आयोवाच्या अशाच महाविद्यालयात वाइज बरोज यांना असे आढळले की डीईएस हे कृत्रिम संप्रेरक खाद्यात मिसळल्यास गुरे झपाट्याने वजन धरतात. त्याच वर्षी मान्यता मिळाली, औषध कंपनी धनवान झाली, आणि कर्करोगाशी संबंध जोडला गेल्यानंतरही गुरांसाठी त्याचा वापर १९७९ पर्यंत पूर्णपणे बंद झाला नाही. प्रयोगशाळा लोकांची, प्रश्न मात्र बाजाराचा: कमीत कमी दिवसांत जास्तीत जास्त वजन. आज फीडलॉटमधून निघणाऱ्या गुरांपैकी ऐंशी टक्क्यांहून अधिक गुरे टायसन, जेबीएस, कारगिल आणि नॅशनल बीफ या चार कंपन्या विकत घेतात. घेणारे चार आणि विकणारे लाखो, अशा बाजारात भाव कोण ठरवतो हे वेगळे सांगायला नको. २०२५ च्या जानेवारीत अमेरिकेतील एकूण गुरे ८ कोटी ६७ लाखांवर आली होती; १९५१ नंतरचा हा नीचांक होता. त्यात दुष्काळाचा हात होता, तसाच चढा खर्च आणि व्याज यांचाही होता.

गॅरेट हार्डिन या जीवशास्त्रज्ञाने १९६८ साली असे मांडले की सामाईक कुरणाचा नाश अटळ आहे, कारण प्रत्येकजण आपले एक गुरू वाढवीत राहणार. हा सिद्धान्त जगभरच्या वनखात्यांना आणि जमिनीच्या खरेदीदारांना फार आवडला. हार्डिनने कल्पिलेले कुरण सामाईक नव्हतेच, ते बेवारशी होते. ही दुरुस्ती त्याने पुढे स्वतःच केली, पण ती कोणी वाचली नाही. एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी १९९० च्या आपल्या ग्रंथात स्वित्झर्लंडच्या टोर्बेल गावाचा दाखला दिला आहे. त्या गावाने १५१७ सालीच नियम केला होता की हिवाळ्यात घरच्या वैरणीवर जेवढी गुरे जगवता येतील तेवढीच उन्हाळ्यात सामाईक कुरणावर सोडावीत. कॉलोरॅडोच्या तराजूने जे सांगितले ते या खेड्याने चारशे वर्षे आधी कायद्यात लिहिले. आणि तो कायदा टिकला, कारण तो करणारे आणि पाळणारे तेच होते. ऑस्ट्रॉम यांना २००९ साली अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

पॉवेलने आपला अहवाल दिला त्याच १८७८ साली हिंदुस्थानात ब्रिटिश सरकारने वनकायदा केला आणि डोंगर, माळ, गायराने यांवर सरकारी रेषा ओढली. गरीब कुणब्याच्या शेळ्या-गुरांना रानाचा वाराही लागू न देणाऱ्या या वनखात्यावर महात्मा फुल्यांनी १८८३ साली ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये कडाडून हल्ला चढवला होता. अतिचराई हा शब्द तेव्हापासून आपल्याकडे मेंढपाळाविरुद्धचा कायमचा आरोप होऊन बसला आहे. दिवाळीनंतर माळावरून कोकणाकडे मेंढ्या नेणारा आणि वाटेत शेतकऱ्याच्या रानात खतासाठी त्या बसवणारा धनगर कोणते रान कोणत्या महिन्यात चारावे आणि कोणते सोडावे हे जाणतो. त्याच्या या जाणिवेची नोंद कोणत्याही कार्ययोजनेत नसते. २००६ च्या वनहक्क कायद्याने स्थिर तसेच फिरत्या पशुपालकांचा चराईचा हक्क स्पष्ट शब्दांत मान्य केला आहे; परंतु दावा मांडायचा ग्रामसभेपुढे, आणि ज्या गावच्या रानात कळप वर्षाचे पंधरा दिवस असतो त्या गावच्या ग्रामसभेत कळपवाल्याला जागा नसते. त्यातच गायरानावर भूमिहीन दलितांचाही दावा आहे, आणि दादासाहेब गायकवाडांच्या १९५९ व १९६४ च्या सत्याग्रहांमागील न्याय अतिक्रमण या एका शब्दाने पुसला जात नाही. मेंढी आणि नांगर यांचा हा तंटा मंत्रालयात बसून सुटणारा नाही. गायरान मोजायला तलाठी आणि वनरक्षक जातील तेव्हा त्यांच्याबरोबर मेंढपाळ आणि भूमिहीन या दोघांचेही प्रतिनिधी असावेत, किती जनावरे आणि किती महिने हे त्यांच्या समक्ष ठरावे, आणि दुष्काळात कळप कमी करावा लागला तर पडलेल्या भावाची भरपाई सरकारने द्यावी, एवढ्या तीन मागण्या घेऊन तालुक्यातालुक्यांत बैठका व्हावयास हव्यात. पावसाळ्यानंतर कळप घाटाखाली उतरण्यापूर्वीचे दोन महिने त्यासाठी सोयीचे आहेत.